टीना ब्रुक्स आणि त्याच्या चार रेकॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझचा विषय निघाला की मी फिरून फिरून टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या टीना ब्रुक्सवर येतो आणि मग समोरून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची इथे लिहून टाकतोय. कोल्ट्रेन, रॉलिन्स, स्टॅन गेट्झ ही नावं बहुतेकांना माहिती असतात, टीनाचं नाव मात्र जॅझ नियमित ऐकणाऱ्यांनासुद्धा बऱ्याचदा ठाऊक नसतं, आणि मला ते मनापासून खटकतं.

टीना म्हणजे बाई आहे का?

नाही, पुरुष. खरं नाव हॅरल्ड फ्लॉइड ब्रुक्स. लहानपणी अंगाने एवढासा होता म्हणून पडलेलं टोपणनाव, तेच शेवटपर्यंत राहिलं. जन्म ७ जून १९३२, नॉर्थ कॅरोलायनातलं फेयेटव्हिल. १९४४ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आलं. थोरला भाऊ डेव्हिड, ज्याला सगळे बब्बा ब्रुक्स म्हणायचे, तोही टेनर सॅक्सोफोनच वाजवायचा, त्यामुळे घरात वाद्य आधीपासून होतंच.

शिकला कुठे, वर आला कसा?

१९५० च्या दशकात अशा पोरांना जे काम मिळायचं तेच, म्हणजे रिदम अँड ब्लूजचे बँड. सॉनी थॉम्पसनकडे वाजवलं, एमॉस मिलबर्नकडे वाजवलं, १९५५ मध्ये थोडे दिवस लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये होता. पण खरा हात दिला तो लिटल बेनी हॅरिस या ट्रम्पेटवाल्याने. हा बेनी बीबॉपच्या, म्हणजे १९४० च्या दशकातल्या नव्या वेगवान जॅझच्या, पहिल्या पिढीतला माणूस, ब्रॉन्क्समधल्या ब्लू मोरोक्को क्लबात दोघांची गाठ पडली, त्याने टीनाला आधुनिक जॅझची हार्मनी नीट समजावली आणि मग ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनला सांगितलं की या पोराला एकदा येऊन ऐक. लायनने ऐकलं आणि १९५८ च्या फेब्रुवारीत त्याला ऑर्गनवाल्या जिमी स्मिथच्या सेशनला, म्हणजे रेकॉर्डिंगला, बोलावलं, आणि पुढच्या तीनच आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या नावावरचं सेशनही करून टाकलं. अनोळखी माणसाला इतक्या झटपट लीडर म्हणून उभं करतात तेव्हा ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल ते कळतंच.

एकूण रेकॉर्ड्स किती?

लीडर म्हणून चार, चारही ब्लू नोटसाठी, चारही क्विंटेट म्हणजे पाच जणांची, ट्रम्पेट आणि टेनर पुढे, पियानो बास ड्रम्स मागे (एकाच ट्रॅकवर सहावा माणूस आहे, त्याचं खाली सांगतो). खाली टीनाबरोबरच्यांची नावं याच क्रमाने आहेत: ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स.

मायनर मूव्ह, १६ मार्च १९५८. ली मॉर्गन, सॉनी क्लार्क, डग वॉटकिन्स, आर्ट ब्लेकी.

ट्रू ब्लू, २५ जून १९६०. फ्रेडी हबर्ड, ड्यूक जॉर्डन, सॅम जोन्स, आर्ट टेलर.

बॅक टू द ट्रॅक्स, बहुतेक सगळं २० ऑक्टोबर १९६० चं. ब्लू मिचेल, केनी ड्रू, पॉल चेंबर्स, आर्ट टेलर.

द वेटिंग गेम, २ मार्च १९६१. जॉनी कोल्स, केनी ड्रू, विल्बर वेअर, फिली जो जोन्स.

सगळी मिळून जेमतेम २२ गाणी, पर्यायी टेक (त्याच गाण्याची दुसऱ्यांदा केलेली रेकॉर्डिंग्ज) सोडून. एका रविवारी सगळं ऐकून होतं. आणि या चारांतली फक्त ट्रू ब्लू तो जिवंत असताना बाजारात आली. बाकी तीन कंपनीच्या कपाटात पडून राहिल्या आणि तो १९७४ मध्ये गेला.

मग बाकीच्या तीन वाईट होत्या म्हणून काढल्या नाहीत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा चढतो. अजिबात नाही. बॅक टू द ट्रॅक्स तर ट्रू ब्लूच्या बरोबरीची आहे, माझ्या मते काही ठिकाणी वरचढ. तिला ४०५२ हा कॅटलॉग नंबरसुद्धा मिळाला होता, कव्हर तयार झालं होतं, म्हणजे काढायची असं ठरलेलं होतं, आणि तरी निघाली नाही.

ब्लू नोटचं तेव्हा असं होतं की रेकॉर्ड करायचे भरपूर आणि काढायचे त्यातलं थोडं. दोन माणसांची छोटी कंपनी, आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ, छपाईला आणि वितरणाला पैसा मर्यादित, त्यामुळे ग्रँट ग्रीन, हँक मोब्ली, ली मॉर्गन अशा चांगल्या खपणाऱ्या लोकांची सेशन्ससुद्धा वर्षानुवर्षं पडून राहिली. पण त्यांची पाच निघायची आणि दोन राहायची. टीनाचं एक निघालं आणि तीन राहिली, आणि त्यानेच सगळा फरक पडला. शिवाय त्याचा स्वतःचा कायमचा बँड नव्हता, गावोगाव दौरे करून रेकॉर्ड खपवणारा तो माणूस नव्हता. दुकानदाराला नाव माहिती नाही, रेडिओवाल्याला माहिती नाही, क्लबमध्ये लोकांनी पाहिलेला नाही, अशा माणसाची दुसरी रेकॉर्ड काढायची की ज्याची पहिली आपोआप खपतेय त्याची, हा हिशोब कंपनीने कसा केला असेल ते समजतं. समजतं, पण पटत नाही.

सुरुवात कुठून करू?

ट्रू ब्लू. डोळे झाकून. पहिला ट्रॅक गुड ओल्ड सोल लावा आणि पहिल्यांदा फक्त धून ऐका, सोलो सोडून द्या. ट्रम्पेट आणि टेनर मिळून ती मायनरमधली (थोड्या उदास छटेच्या स्केलमधली) धून वाजवतात, घाई नाही, खाली ड्यूक जॉर्डनचा पियानो मोजकंच बोलतो, आणि धून संपली की टीना आत येतो तेव्हा लक्षात घ्या की तो तुमच्यावर काही आदळत नाही. एक वाक्य म्हणतो, थांबतो, त्याच वाक्याचं शेपूट धरून पुढचं काढतो. ऐकताना असं वाटतं की हे सगळं आधी लिहून ठेवलंय की काय, इतकं एकातून एक येतं. माझ्यासाठी टीना ब्रुक्स म्हणजे हेच. खूप वेगात, खूप उंच, खूप जोरात वाजवणारे त्या काळात पुष्कळ होते, वाक्याला वाक्य जोडत शेवटापर्यंत अर्थ न सोडणारे थोडेच.

त्यानंतर त्याच रेकॉर्डवरची थीम फॉर डोरिस, हिला लॅटिन ठेका आहे आणि धून अशी की दोनदा ऐकली की दिवसभर तोंडात राहते. मग बॅक टू द ट्रॅक्सवरचं स्ट्रीट सिंगर. एवढं झालं की तुम्ही स्वतःच पुढचं शोधाल, माझी गरज लागणार नाही.

मी जॅझ कधीच ऐकलेलं नाही, मला काही कळेल का? सगळे एकदम वाजवतायत असं वाटतं.

कळेल, आणि या माणसापासून सुरुवात करणं उलट सोपं जाईल. गाण्याच्या बैठकीला जाणारे असाल तर आवर्तन माहितीच आहे, इथेही तसंच एक चक्र असतं, बहुतेकदा ३२ बारचं किंवा ब्लूज असेल तर १२ बारचं (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा), आणि ते गाणं संपेपर्यंत अखंड फिरत राहतं. आधी सगळे मिळून धून वाजवतात ते पहिलं चक्र, मग एकेक जण त्याच चक्रावर, त्याच कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर) आपलं तिथल्या तिथे रचत जातो, तीन चक्रं, चार चक्रं, मग पुढच्याकडे देतो, आणि शेवटी परत धून. पहिल्यांदा ऐकताना एक करा, सोलो चालू असताना मनातल्या मनात मूळ धून गुणगुणत राहा. ती आतून चालू राहिली की वर काय चाललंय ते आपोआप दिसायला लागतं.

मायनर मूव्हवरचं स्टार आईज यासाठी छान आहे कारण ते मूळचं सिनेमातलं गाणं, धून साधी, लक्षात राहणारी, आणि टीना तिच्यापासून फार लांब पळत नाही. सगळे एकदम वाजवतायत असं वाटतं ते बहुतेक ड्रम्समुळे. आर्ट ब्लेकी मागे नुसता ठेका धरून बसणारा नाही, तो सोलोवाल्याला उत्तरं देतो, टोचतो, पुढे ढकलतो. थोड्या दिवसांनी तेच आवडायला लागतं.

त्याचा आवाज कुणासारखा आहे? हँक मोब्लीची कॉपी वाटतो.

तुलना होते हे खरं, मोब्लीही टेनरवालाच, दोघेही गोलसर आणि न ओरडणाऱ्या आवाजाचे, दोघेही ब्लू नोटचे, दोघांच्याही वाट्याला हवी तितकी दाद आली नाही. पण कॉपी म्हणणं चूक आहे. मोब्लीचा टोन भरीव आणि मऊ, तो ठेक्याच्या आत बसून त्याच्याशी खेळतो. टीनाचा टोन त्याहून हलका आणि थोडा रडवेला आहे, सुराच्या शेवटी एक ओढ असते, एक आर्तता असते, ती मोब्लीत नाही. दोघांच्याही मागे आधीच्या पिढीतला टेनरवाला लेस्टर यंग आहे, म्हणजे जोर न लावता लांब लांब ओळी तरंगवत नेण्याची ती पद्धत. टीनात त्यावर रिदम अँड ब्लूजच्या बँडांतली वर्षं चढलेली आहेत म्हणून ब्लूज वाजवताना तो एकदम मातीतला होतो. खात्री करायची तर जिमी स्मिथचं द सर्मन हे वीस मिनिटांचं ब्लूज ऐका, त्यात एकामागून एक सोलो आहेत, ली मॉर्गन आहे, आल्टोवर लू डोनाल्डसन आहे, गिटारवर केनी बरेल आहे, आणि टीना येतो तेव्हा तो कोण हे सांगायला लागत नाही. ब्लू नोटसाठी केलेलं ते त्याचं अगदी पहिलं काम.

धुना तो स्वतः लिहायचा का?

हो, आणि माझं तर ठाम मत आहे की टीना ब्रुक्सकडे संगीतकार म्हणून आधी बघायला हवं. लोक वाजवणारा म्हणून हळहळतात, पण त्या काळात ब्लू नोटसाठी अशा धुना लिहिणारे सॉनी क्लार्क, होरेस सिल्व्हर यांच्या रांगेत त्याला बसवायला मला जराही संकोच नाही. मायनर स्केलवर त्याचं विशेष प्रेम, पण उदासवाणं कधी होत नाही, चालतं, हलतं, पाय आपोआप ठेका धरतात. ट्रू ब्लूवरच्या सहापैकी पाच धुना त्याच्या.

उदाहरण म्हणून ओपन सेसमी घ्या. ही फ्रेडी हबर्डची लीडर म्हणून पहिली रेकॉर्ड, १९ जून १९६० ची, तेव्हा हबर्ड २२ वर्षांचा. पियानोवर तरुण मकॉय टायनर, त्याच सुमारास कोल्ट्रेनकडे गेलेला. आता या रेकॉर्डवरची शीर्षक धून कुणाची? टीनाची. त्यावरची जिप्सी ब्लू कुणाची? तीही टीनाची. लोक त्या रेकॉर्डला हबर्डची म्हणून डोक्यावर घेतात, घ्यायलाच हवी, पोरगा भन्नाट वाजवतो, पण तिला तिचा चेहरा देणाऱ्या दोन धुना मागे उभ्या असलेल्या टेनरवाल्याच्या आहेत. आणि बरोबर सहा दिवसांनी हेच दोघं परत स्टुडिओत जाऊन ट्रू ब्लू करतात, बासवर तोच सॅम जोन्स, कॅटलॉग नंबरही शेजारचे, ४०४० आणि ४०४१. दोन्ही पाठोपाठ ऐका, एकाच कामाचे दोन भाग आहेत. एकाने हबर्डचं नाव झालं, दुसरी विसरली गेली.

स्ट्रीट सिंगरचं एवढं कौतुक का?

कारण ते त्याचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. इथेच तो सहावा माणूस येतो, जॅकी मॅक्लीन, आल्टो सॅक्सोफोन. १ सप्टेंबर १९६० चं सेशन, मॅक्लीन आणि टीना दोघं मिळून पुढे, ब्लू मिचेल ट्रम्पेटवर. त्या दिवशीचं काही काम मॅक्लीनच्या जॅकीज बॅग या रेकॉर्डवर गेलं आणि स्ट्रीट सिंगर टीनाच्या बॅक टू द ट्रॅक्सला मिळालं. जॅकीज बॅगचा नंबर ४०५१, ती निघाली. ४०५२ राहिली.

तीन वाद्यांनी एकत्र वाजवलेली ती धून, आणि मग सोलो. मॅक्लीनचा आवाज धारदार, थोडा आंबट, सूर मुद्दाम किंचित वर चढलेला. टीनाचा त्याच्या शेजारी एकदम मऊ. दोघं एकमेकांना खोडत नाहीत, एकाने सोडलेल्या जागेत दुसरा जातो. मी हे गाणं कुणालाही ऐकवताना काही बोलत नाही आधी, लावून देतो.

मायनर मूव्ह ऐकायला हवी का, की पहिली म्हणून कच्ची आहे?

ऐकाच. पियानोवर सॉनी क्लार्क आहे आणि एवढं एकच कारण पुरे. ली मॉर्गन तेव्हा विशीतही नव्हता आणि कुणाच्या बापाला घाबरत नव्हता. टीना ट्रू ब्लूवर जितका आश्वस्त आहे तितका इथे नाही हे मान्य, पण एव्हरीथिंग हॅपन्स टू मी हे बॅलड ऐका, २५ वर्षांचा पोरगा इतक्या संथ गाण्यात कुठेही रिकामा पडत नाही. बॅलड वाजवणं सगळ्यात अवघड, लपायला जागा नसते.

एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो, या रेकॉर्डवर नटव्हिल नावाची धून आहे, ती टीनाची. होरेस सिल्व्हरची त्याच नावाची जी प्रसिद्ध धून आहे ती वेगळी, नंतरची. सर्च करताना दोन्ही एकत्र येतात.

दुसऱ्यांच्या कुठल्या रेकॉर्ड्सवर तो आहे?

केनी बरेलच्या ब्लू लाइट्सवर (मे १९५८), तिथे दोन टेनर आहेत, दुसरा ज्युनियर कुक, तेव्हा दोघांना वेगळं ओळखणं हा चांगला कानाचा व्यायाम आहे. बरेलचीच ऑन व्ह्यू ॲट द फाइव्ह स्पॉट कॅफे, १९५९ ची, ही क्लबमधली लाइव्ह आहे आणि लोकांसमोर टीना कसा वाजवायचा ते ऐकायला मिळतं म्हणून मला फार मोलाची वाटते. पियानोवाल्या फ्रेडी रेडची शेड्स ऑफ रेड, ऑगस्ट १९६०, मॅक्लीन आणि टीना पुन्हा एकत्र, रेडच्या धुना फार सुंदर, ही तर अजिबात चुकवू नका. रेडचंच रेड्स ब्लूज, जानेवारी १९६१ चं, तेही पडून राहिलेलं.

१९६० चा जून ते ऑक्टोबर एवढ्या काळात या माणसाने काय काय करून ठेवलं बघा, ओपन सेसमी, ट्रू ब्लू, शेड्स ऑफ रेड, जॅकीज बॅगचं सेशन, बॅक टू द ट्रॅक्स.

द कनेक्शन नाटकाशी त्याचा काय संबंध?

जॅक गेल्बरचं हे नाटक १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिव्हिंग थिएटरने केलं. विषय असा की एका खोलीत काही व्यसनी माणसं हेरॉइन घेऊन येणाऱ्याची वाट बघत बसलीयेत, त्यांत वाजवणारेही आहेत आणि ते रंगमंचावर खरोखर वाजवतात. संगीत फ्रेडी रेडचं, सॅक्सोफोनवर जॅकी मॅक्लीन, आणि मॅक्लीन नसेल तेव्हा उभा राहायला टीना. या संगीताची एक रेकॉर्ड ट्रम्पेटवाल्या हॉवर्ड मॅगीच्या नावाने निघाली, तिच्यावर टेनर टीनाचा आहे. ब्लू नोटबाहेर त्याचं ऐकायला मिळणारं काम फारच कमी, त्यातलं हे एक.

ड्रग्जमुळे वाया गेला म्हणतात, खरं का?

हेरॉइनचं व्यसन होतं हे खरं. त्या काळात न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये ते सगळीकडे होतं, सॉनी क्लार्क ३१ व्या वर्षी गेला, मॅक्लीन स्वतः त्यातून गेला आणि सुदैवाने बाहेर पडला, पुढे शिक्षक झाला. टीनाला बाहेर पडता आलं नाही. १९६१ नंतर त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. ब्रॉन्क्समध्ये स्थानिक ठिकाणी वाजवत राहिला, तब्येत ढासळत गेली, आणि १३ ऑगस्ट १९७४ ला यकृत निकामी होऊन गेला, वय ४२.

पण "वाया गेला" हा शब्द मला मान्य नाही. ज्याने स्ट्रीट सिंगर लिहिलंय तो वाया गेलेला नाही. टीनाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हे व्यसन, मृत्यू, न निघालेल्या रेकॉर्ड्स हेच इतकं येतं की माणूस रेकॉर्ड लावायच्या आधीच हळहळायला लागतो आणि मग प्रत्येक सुरात दुःखच ऐकतो. ट्रू ब्लूवरचं मिस हेझेल ऐका की, केवढा मजेत वाजवतोय! पुढे काय होणार हे २५ जून १९६० ला त्या स्टुडिओत कुणालाच माहिती नव्हतं.

मग बाकीच्या रेकॉर्ड्स बाहेर आल्या कशा?

मायकेल कस्कुना या माणसामुळे. १९७५ पासून तो ब्लू नोटच्या जुन्या टेप्स उपसायला लागला आणि त्याला तिथे पूर्णच्या पूर्ण सेशन्स सापडत गेली, मिक्स करून ठेवलेली, कुणी कधी न ऐकलेली. मायनर मूव्ह १९८० मध्ये आधी जपानमध्ये निघाली, जपानी रसिकांचं या बाबतीत करावं तितकं कौतुक थोडं आहे. मग कस्कुनाने चार्ली लुरीबरोबर मोझेक ही कंपनी काढली आणि १९८५ मध्ये टीनाच्या चारही क्विंटेट्सचा एक बॉक्स सेट केला, चार एलपी. म्हणजे तो जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. नंतर सीडीवर सगळ्या सुट्या सुट्या आल्या. कस्कुना २०२४ मध्ये गेले, या लोकांनी केलेलं काम किती मोठं आहे ते आपण सहज प्ले बटण दाबतो तेव्हा लक्षातही येत नाही.

एलपी घ्यावी की स्ट्रीमिंग पुरे?

स्ट्रीमिंगवर चारही आहेत, आधी तिथेच ऐका. ट्रू ब्लूची मूळ १९६० ची प्रत शोधायच्या भानगडीत पडू नका, हजारो डॉलरला जाते कारण तेव्हा खपलीच नव्हती. नवीन छापलेली एलपी मिळते ती चांगली आहे. रेकॉर्डिंग रूडी व्हॅन गेल्डरचं, न्यू जर्सीत एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओतलं, त्यामुळे आवाज आजही समोर उभा राहतो. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास ऐकूच येत नाही आणि या संगीतात बास गेला की खालची जमीनच गेली. साधे वायरवाले हेडफोनही चालतील.

द वेटिंग गेम शेवटी ठेवायची का?

हो, मी तरी शेवटीच ठेवेन. हिच्यावरची ध्यान नावाची त्याची धून आपल्याकडच्यांनी आवर्जून ऐकावी, तो तेव्हा काय वाचत किंवा कशाचा विचार करत होता याबद्दल कुतूहल वाटतं. फिली जो जोन्सचे ड्रम्स कडक, विल्बर वेअरचा बास थोडा आडवळणाचा, तो अपेक्षित सूर बऱ्याचदा देतच नाही. टीनाही इथे बदलायला लागलेला ऐकू येतो, वाक्यं तुटक, टोन जास्त खरखरीत. आवडायला वेळ लागेल, लागू द्या.

त्यावरचा ट्रम्पेटवाला फार आवडला, कोण हा?

जॉनी कोल्स. गिल एव्हान्सच्या ऑर्केस्ट्रात होता, १९६४ मध्ये बासवाल्या चार्ल्स मिंगसबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. एकेक सूर जपून ठेवल्यासारखा वाजवतो. त्याची स्वतःची लिटल जॉनी सी नावाची रेकॉर्ड आहे, १९६३ ची, ब्लू नोटचीच, तिच्यावर टेनरला तरुण जो हेंडरसन. टीनाच्या चार संपल्या की तीच लावा.